पिशवीचा खुलासा

वर्तमानपत्रात माणसाच्या शरीराचे काही भाग छापले जात नाहीत. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांहून आलेल्या बातम्यांतून ते भाग काढून टाकणे हे माझ्या कामातच येते. बैलाचे शिंग कुठे लागले, मोटारसायकलची टाकी कुठे बसली, हे वार्ताहर जसे ऐकतो तसे लिहून पाठवतो. आम्ही त्याचे ‘कमरेखालच्या भागास गंभीर दुखापत’ असे करतो. वाचकाला काय समजायचे ते समजते आणि सकाळी चहा पिताना कोणाची अडचण होत नाही.

माझ्या नवऱ्याच्या अपघाताची बातमीही तशीच छापली गेली. त्या दिवशी मी कामावर नव्हते, शेजारच्या सहकाऱ्याने ती केली. रावेर तालुक्यात केळी भरताना ट्रॅक्टरची ट्रॉली मागे आली, ट्रॉली आणि ट्रक यांच्या मध्ये सापडून एक जण जखमी, कमरेखालच्या भागास मार, जळगावला हलवले. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी ती वाचली. तीत एकही चूक नव्हती. माझ्याकडे आली असती तर मीही तशीच केली असती.

ते रावेरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे माल भरून घेण्याचे काम पाहत. बाग पहाटे कापायला घेत आणि दुपारच्या आत ट्रक उत्तरेकडे निघत. माझे काम संध्याकाळी सुरू होऊन शेवटचे पान सुटेपर्यंत चाले. त्यामुळे आमचा संसार दुपारचा होता. ते घरी येत तेव्हा सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग असत. हा चीक वाळला की काळा पडतो आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही. त्यांचे सगळे सदरे डागाळलेले होते आणि मी ते घासण्याचा नाद सोडला होता. ते आंघोळ करत, आम्ही जेवत असू, कूलरमध्ये पाणी भरून दार लावून घेत असू. जळगावच्या उन्हात त्या वेळी गल्लीत कुत्रेसुद्धा फिरकत नाही. त्या घरात शहराच्या मधोमध आम्हाला जितका एकांत मिळाला तितका रात्री झोपणाऱ्या जोडप्यांना मिळत असेल असे मला वाटत नाही. मूल अजून नव्हते. व्हावे असे वाटत होते, घाई नव्हती.

अपघात साधा होता. ट्रॉली मागे घेताना ते ट्रकच्या फाळक्याकडे पाठ करून हाताने खुणा करत उभे होते. चालकाचा पाय ब्रेकवरून सटकला. ट्रॉली लगेच पुढे घेतली, पण तेवढ्यात जे व्हायचे ते झाले होते. बाहेरून जखम अशी नव्हतीच. उभे राहता येईना, लघवी दाटून आली आणि होईना, आणि टोकाशी रक्ताचा एक थेंब दिसला. व्यापाऱ्याचा माणूस रुग्णवाहिकेतून मला फोन करत होता. “नशिराबाद सोडलं, वहिनी,” असे त्याने सांगितले तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते.

तिथल्या डॉक्टरांनी एका कागदावर आकृती काढून दाखवली. कमरेचे हाड पुढच्या बाजूने तुटले होते. मूत्राशय शाबूत होते. मूत्राशयाच्या खालून निघणारी लघवीची नळी हाडाबरोबर ओढली जाऊन तिथेच तुटली होती. टोकाशी रक्त असताना खालून रबरी नळी घालण्याचा प्रयत्न केला तर उरलेसुरले धागेही तुटतात, म्हणून बेंबीच्या खाली छिद्र पाडून नळी थेट मूत्राशयात घातली. तिचे बाहेरचे टोक एका प्लॅस्टिकच्या पिशवीला जोडले. हाड जुळू द्यायचे, सूज उतरू द्यायची आणि काही महिन्यांनी दोन तुटकी टोके शोधून जोडायची.

मी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि बाकीचं?”

डॉक्टरांना कळले. ते म्हणाले, “नसा त्याच जागेवरून जातात. काहींचं परत येतं. वर्ष लागतं, दोन लागतात. काहींचं येत नाही. मग गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, मूल हवं असेल तर त्यालाही मार्ग आहेत. पण तुमच्या बाबतीत काय होईल ते आज सांगता येणार नाही.”

आमच्या कामात असे उत्तर चालत नाही. वार्ताहराने ‘होईल किंवा होणार नाही’ असे लिहून पाठवले तर आम्ही त्याला फोन करून झापतो. मी मात्र ते उत्तर घेऊन घरी आले आणि तेच धरून राहिले.

साक्रीजवळच्या खेड्यातून माझी सासू येऊन राहिली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. पिशवी भरली की ती रिकामी करायची, नळीच्या भोवतालची जागा पुसायची, हे ती करायची. मी करायला गेले की ते म्हणायचे, “अक्का करेल. तू जा, तुला उशीर होईल.” उशीर होत नसायचा.

आता ते दिवसभर घरी होते, आणि दुपारही होती. जेवण झाले की ते पुढच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडत. मी आतल्या खोलीत. मधले दार उघडेच असे. मला त्यांच्या अंगाचा वास आठवायचा, आणि ते चार हातांवर असायचे. मेलेल्या किंवा परगावी गेलेल्या माणसाची आठवण येते तशी शेजारच्या खोलीतल्या माणसाची येते हे मला ठाऊक नव्हते. एकदा मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, “नळी ओढली जाईल.” नळी पुढच्या बाजूला होती.

जोडण्याची शस्त्रक्रिया धुळ्याला झाली. हे काम करणारे डॉक्टर तिथे होते. मधला वण कापून काढला, दोन्ही टोके मोकळी करून एकमेकांना शिवली आणि शिवण भरून येईपर्यंत खालून नळी ठेवली. ती काढली त्या सकाळी ते संडासात गेले आणि बराच वेळ आतून काही ऐकू आले नाही. मग आले. बारीक धार होती, थांबत थांबत येत होती. बाहेर अक्काने डोळ्यांना पदर लावला. पोटातली नळी आणि तिची पिशवीही त्यानंतर निघाली.

अक्काने दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच गावी शेजारणीला फोन लावला. “पिशवी काढी टाकी वं माय. आते बठ्ठं मोकळं व्हयनं.”

गावाला ‘कमर मोडली’ एवढेच सांगितलेले होते. त्यापुढचे अक्काने कोणाला कळू दिले नव्हते. आणि आमच्याकडे खेड्यात दवाखाना आणि पिशवी हे दोन शब्द एकत्र आले की त्यांचा एकच अर्थ होतो. पिशवी बाईची असते. गर्भाची. ती काढतात. शेजारीण फोन मोठ्या आवाजात लावून ओट्यावर बसली होती. तिथल्या चार बायकांनी मनातल्या मनात बेरीज केली. नवऱ्याची कमर मोडली, बायको दवाखान्यात सोबत होती, मूल झालेले नाही, पिशवी काढली. संध्याकाळपर्यंत माझी गर्भपिशवी काढल्याची बातमी गावभर झाली.

अक्का गावी परतली तेव्हा तिला हे कळले. मी कामावर असताना तिचा फोन आला.

“पोरी, आठे उलटंच चालनं. तुन्ही पिशवी काढी म्हनतस. मी काय सांगू त्यासले?”

चुकीची बातमी छापली गेली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा द्यावा लागतो. मी सवयीने मनात मजकूर जुळवला : काढलेली पिशवी सुनेची नसून मुलाची होती, गर्भाची नसून लघवीची होती. मजकूर बिनचूक होता. पण तो दिला की पुढचा प्रश्न गावाने लगेच विचारला असता, आणि तो प्रश्न माझ्या नवऱ्यापर्यंत पोचला असता. ते पुढच्या खोलीपर्यंत गेलेच होते. त्यानंतर ते त्याच्याही पलीकडे कुठे गेले असते.

“राहू द्या, अक्का,” मी म्हणाले.

“तुले बोलतीन.”

“बोलू द्या.”

तिने मुलाचा विचार केला असावा. मग म्हणाली, “मन्हा आंडोरकरता करस का?”

“माझ्याकरता पण,” मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

ते पुन्हा कामाला लागले. व्यापाऱ्याने त्यांना बैठे काम दिले, वजनकाट्यावर. दुपारी आता उशिराने येत. केळीचा चीक लागत नसल्यामुळे सदरे स्वच्छ असत. मी त्यांच्याशी सगळ्या विषयांवर बोलत असे : भाव, ट्रक, पाणी, माझ्या पानावरच्या चुका. त्या एका विषयावर नाही. धुळ्याला तपासणीला ते एकटेच जात आणि आल्यावर “ठीक आहे” म्हणत. मी विचारत नसे. वार्ताहरांना प्रश्न विचारायला लावण्याची माझी नोकरी आहे, पण या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते मला नको होते. उत्तर न मिळालेले असणे मला परवडत होते. त्यात जागा होती.

मग त्यांच्या मामांच्या धाकट्या मुलीचे लग्न निघाले. मामांना सगळे आबा म्हणतात. आबा त्याच गावात राहतात, गावच्या विहाराचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे आहे. जाणे टळण्यासारखे नव्हते.

मांडवात मी पोचले तोच एका चुलत सासूने माझ्या हातातली पाण्याची कळशी काढून घेतली.

“ठी दे वं. तुन्हा टाका आजून कच्चा शेतस.” मग तिने आवाज चढवून पोरींना सांगितले, “इले खुर्ची द्या रे.”

खुर्ची आली. मांडवाच्या कापडी आडोशाला लावून मला बसवले. बायका चुलाणाजवळ बसून वांगी घोटत होत्या आणि मी राणीसारखी वर. एक म्हातारी मला न्याहाळत म्हणाली, “तुन्हं बरं शे. महिनाना तरास तरी वाचना.”

“मन्ही काढी तवय माले कोनी खुर्ची दिन्ही नही,” दुसरी म्हणाली. “तिसरा दिनले निंदाले लायं.”

“तू कथी छापखानामा व्हती? ती शिकेल शे. शिकेल बाईनी पिशवी नाजूक ऱ्हास.”

बायका हसल्या. मीही हसले. अक्का बट्ट्या तळत होती, तिने मान वर केली नाही.

वंदना झाली, पांढऱ्या साडीतल्या नवरीने आणि नवऱ्याने एकमेकांना हार घातले, वरण-बट्टीची पहिली पंगत उठली. आडोशाच्या पलीकडे पुरुष सतरंजीवर टेकले होते. मला उठून काही करण्याची मुभा नव्हती, त्यामुळे मी तिथेच होते आणि पलीकडचे सगळे ऐकू येत होते. आबा माझ्या नवऱ्याशी बोलत होते.

“भाचा, आते मन घट कर. दुसरी करी ले.”

“दुसरी काय?”

“बायको. डोंगरकडे एक पोर शे, आपलाच लोकेसनी. गरीब घर शे, कामले वाघीण शे. पहिलीले कोनी काढत नही. दोन्ही राहतीन.”

“कसाले?”

“पोऱ्या नको का तुले? तिन्ही ते पिशवी काढी टाकी.”

माझ्या बाजूला बायकांनी घोटणी थांबवली होती. त्यांनाही ऐकू येत होते.

“कोनी सांगं?” त्यांनी विचारले.

“बठ्ठा गावले माहीत शे. तुलेच माहीत नही का?” कोणीतरी हसले.

त्यांना माहीत नव्हते. ते आता काय करतील हे मला सांगता आले नसते. गप्प बसले असते तर कोणी काही म्हटले नसते. गावाने त्यांची कीव केली असती आणि मला बोल लावला असता. माझी त्याला तयारी होती. ते उठून निघून जातील एवढीच मला भीती होती, कारण उठून जाणे हे त्यांना आता फार सोपे झाले होते.

“तिन्ही नही, आबा,” ते म्हणाले. “पिशवी मन्ही व्हती.”

“तुन्ही? माणूसले कथानी पिशवी?”

“मुतानी. ट्रॉलीनी दाबं तवय आतली नळी तुटनी. पोटमाईन नळी काढी, तिले पिशवी व्हती. मंग धुळाले जोडी. तिन्हं काहीच काढेल नही. ती चांगली शे. पोऱ्या व्हवो का ना व्हवो, ते मन्हावर शे.”

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितले त्या आवाजात ते ट्रकचे वजन सांगतात. मी कापडाकडे पाहत होते. कापडावर त्यांची सावलीही पडलेली नव्हती, नुसता आवाज.

आबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, “मालेबी व्हती.”

“काय?”

“पिशवी. गये साल. ती म्हातारपननी गाठ वाढनी व्हती. तुन्ही मामी सोडीसन कोनले सांगं नही. धोतरखाले लपाडीसन विहारमा बठू. लोके म्हनेत, आबा आजकाल भलता शांत व्हयना.”

कोणीतरी खुदकन हसले आणि मग सगळे हसले. आबा हसणे ओसरेपर्यंत थांबले. “आते व्हस का तुले?”

“व्हस. येळ लागस.”

“मालेबी. लोके म्हनतस, डोकरा भिंतीले काय सांगी ऱ्हायना.”

आता हसण्यात माझ्या नवऱ्याचाही आवाज होता. तो मी फार दिवसांत ऐकला नव्हता. माझ्या बाजूला चुलत सासू उठून माझ्यासमोर उभी राहिली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“काहीच काढेल नही?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

“मंग ऊठ वं,” ती म्हणाली. “दुसरी पंगत बसी ऱ्हायनी. बट्टी वाढाले चाल.”

मी उठून वाढायला लागले. अक्काने माझ्या हातात टोपली दिली आणि तिची बोटे क्षणभर टोपलीच्या काठावर माझ्या बोटांवर राहिली.

परत निघालो तेव्हा साक्रीपर्यंत कोणाच्या तरी जीपमध्ये आम्ही दोघे मागे बसलो होतो. स्टँडवर उतरून बसची वाट पाहताना ते म्हणाले, “तुला माहीत होतं, गावात काय चाललंय ते?”

“हो.”

“केव्हापासून?”

“पिशवी निघाली तेव्हापासून.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“तुम्हीही मला बोलला नाहीत. डॉक्टर काय म्हणतात ते.”

त्यांनी फलाटावरच्या एका माणसाला टोपले उचलताना पाहिले. मग म्हणाले, “मला वाटलं, तू वाट बघून कंटाळली असशील. म्हटलं, कंटाळली असेल तर निदान मोकळी राहू दे. मी मुद्दाम लांब झोपायचो.”

“मी कंटाळले नाही,” मी म्हणाले. “मी वाट बघते आहे.”

“आलंच नाही तर?”

मी खूप वेळ या वाक्यापासून पळत आले होते. स्टँडवर ऐकल्यावर ते इतर वाक्यांसारखेच निघाले. “तर तुम्ही तरी या,” मी म्हणाले.

बस आली, आम्ही बसलो.

धुळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते उठले. आजवर अशा प्रवासात ते कधी उतरायचे, कधी यायचे, हे मला कळू देत नसत. या वेळी दोन सीटांच्या मध्ये वाकून म्हणाले, “मला वेळ लागेल. बस सोडू देऊ नकोस.”

मी दारात जाऊन पायरीवर उभी राहिले. काही वेळाने वाहक आला. “ताई, आत बसा, निघायचंय.”

“माझे पती लघवीला गेलेत,” मी म्हणाले. “त्यांना वेळ लागतो.”

“शुगर आहे का?”

“नाही. अपघातात लघवीची नळी तुटली होती. जोडली आहे.”

मागच्या सीटवरचा एक प्रवासी घड्याळ दाखवून कुरकुरला. वाहकाने त्याला सांगितले, “बसा हो भाऊ, माणूस आहे तो.” आणि शिट्टी खिशात घालून तो पान लावायला टपरीकडे गेला.

स्वच्छतागृहाच्या भिंतीकडे मी पाहत राहिले. माणसे आत जात होती आणि लगेच बाहेर येत होती. दर वेळी मला वाटे, हे असतील. त्या थोड्या वेळात मी त्यांची जितकी वाट पाहिली तितकी दवाखान्याच्या फाटकाशीही पाहिली नव्हती. मग ते आले, ओले हात पँटला पुसत, सावकाश, घाई न करता. मला दारात पाहून त्यांनी मान हलवली.

एरंडोल मागे पडल्यावर त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला. बस खड्ड्यात आदळली की त्या हाताचे वजन बांगडीवर यायचे आणि ती रुतायची. मी हात हलवला नाही. मला याच्यापेक्षा पुष्कळ जास्त हवे होते. ते मिळेल की नाही हे आजही ठरलेले नाही, डॉक्टरांची मुदत अजून चालू आहे. परवाच्या तपासणीला ते मला आत घेऊन गेले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी सगळे ऐकले आणि मला विचारायचे होते ते सगळे विचारले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “तू फार प्रश्न विचारतेस.” त्यानंतर ते आतल्या खोलीतच झोपतात. जाग आली की मी हात लांब करून पाहते. ते असतात. मग मला आणखी हवेसे वाटते.